आपल्याच ऑफिसात यूझर रिसर्च कसा करायचा

ग्राहकांच्या मुलाखती घेणं हे माझं रोजचं काम. माणूस ॲपमध्ये कुठे अडतो, 'सेव्ह' दाबायच्या आधी का थांबतो, हे विचारत मी नाशिकपासून नागपूरपर्यंत फिरले आहे. पण आमच्याच मजल्यावर, पाण्याच्या कूलरपलीकडे बसणारी सपोर्ट टीम दिवसभर कशाशी झगडते, हे मला चार वर्षं माहीत नव्हतं. वर्षातून एकदा एचआरचा फॉर्म यायचा, 'एक ते पाचमध्ये तुम्ही किती समाधानी आहात', आणि सगळे चार भरून मोकळे व्हायचे. तीन भरले तर कुणीतरी बोलावून विचारणार, पाच भरले तर पगारवाढ मागायला तोंड राहणार नाही. म्हणून चार.

मग एकदा ऑपरेशन्सच्या मॅडमनी बोलावलं. "सपोर्टचं आणि डेव्हलपमेंटचं पटत नाही. तू ग्राहकांशी बोलतेस ना, तशी यांच्याशी जरा बोलून बघ." कंपनी पुण्यातली, कारखान्यांसाठी स्टॉक आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर करणारी. सपोर्टमध्ये चौदा जण, दोन शिफ्ट. त्या कामात जे जमलं, जे फसलं आणि पुढे दुसऱ्या टीमसोबत करताना मी जे बदललं, ते असं काम पहिल्यांदा करणाऱ्यासाठी लिहिते आहे. त्यासाठी तुम्ही रिसर्चर असायलाच हवं असं नाही. टीम लीड, क्यूए (सॉफ्टवेअर तपासणारा), बँकेच्या शाखेतला अधिकारी, शाळेच्या कार्यालयातला हेडक्लार्क, कुणालाही हे जमेल. वही, पेन आणि तीन-चार आठवडे रोजचा तासभर एवढा खर्च आहे.

आधी प्रश्न माणसांवरून कामावर आणा

मॅडमचा प्रश्न होता, 'पटत नाही'. तो तसाच घेऊन निघालात तर उत्तरं स्वभावाची मिळतात. तो तुसडा आहे, ती ऐकून घेत नाही. बरं, मग? त्याचं तुम्ही काय करणार? म्हणून मी उलट विचारलं, "पटत नाही हे तुम्हाला कशावरून कळलं?" जरा विचार करून त्या म्हणाल्या, तिकिटं, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीच्या नोंदी, परत येतात. सपोर्टने पाठवलेलं तिकीट डेव्हलपर 'माहिती अपुरी' असा शेरा मारून परत करतो, ते पुन्हा जातं, पुन्हा येतं, आणि तोवर ग्राहक तीनदा फोन करतो. आता हातात धरता येईल असा प्रश्न मिळाला: ग्राहकाचा फोन वाजल्यापासून डेव्हलपर तिकीट उघडेपर्यंत काय काय घडतं, आणि माहिती कुठे गळते?

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट विचारून घ्या. यातून जे निघेल त्यातलं काय बदलणं तुमच्या हातात आहे? मॅडम म्हणाल्या, माणसं वाढवता येणार नाहीत, पगाराचं माझ्याकडे नाही. फॉर्म, शिफ्टच्या वेळा आणि मीटिंगा बदलता येतील. मी ते त्यांच्यासमोरच लिहून घेतलं. या प्रश्नाला "बघू" असं उत्तर आलं तर काम सुरूच करू नका. लोकांना बोलतं करायचं आणि पुढे काहीच हलवायचं नाही, असं एकदा झालं की दुसऱ्या वेळी तुमच्यासमोर कुणी तोंड उघडत नाही.

कधीकधी निर्णय आधीच झालेला असतो आणि वरच्यांना फक्त पुरावा हवा असतो. "नक्की कोण अडवतंय तेवढं बघ" असं वाक्य कानावर पडलं तर ते काम रिसर्चचं नव्हे. तिथे नम्रपणे नाही म्हणायचं.

ओळखीची माणसं, तीच अडचण

ग्राहक तासभर भेटतो आणि निघून जातो. सहकारी उद्या लिफ्टमध्ये भेटणार असतो, आणि त्याचं अप्रेझल ज्याच्या हातात आहे तो माणूस तुमच्या टेबलावर डबा खातो. पद्धती त्याच असल्या तरी बाकीचं सगळं याच एका गोष्टीने बदलतं. म्हणून सुरुवातीला काय बोलायचं ते पाठ करून ठेवा. मी साधारण असं बोलते:

"मी तुमचं काम कसं चालतं ते समजून घेते आहे. तुम्हाला मार्क द्यायला आलेले नाही. तुम्ही सांगाल ते माझ्या वहीत लिहीन, वही माझ्याकडेच राहील, रेकॉर्डिंग करणार नाही. रिपोर्टमध्ये नाव नसेल. पण टीम लहान आहे, एखादं वाक्य तुमचं आहे हे कुणी ओळखू शकेल, म्हणून तुमचं कुठलंही वाक्य वापरायच्या आधी तुम्हाला दाखवीन. बोलायचं नसेल तरी चालेल, आणि तुम्ही नाही म्हणालात हेही मी कुणाला सांगणार नाही."

'दाखवीन' हा भाग मी नंतर घातला, आणि तो हात पोळल्यावर घातला. पहिल्या रिपोर्टमध्ये मी नावं काढली होती, पण एका वाक्याखाली लिहिलं होतं, 'दुपारची शिफ्ट, नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली'. मला ते संदर्भासाठी फार उपयोगी वाटलं होतं. दुपारच्या शिफ्टमध्ये तशी एकच जण होती. मीटिंग संपायच्या आत सगळ्यांना कळलं, आणि पुढचे कित्येक महिने तिने माझ्याशी कामापलीकडे एक शब्द काढला नाही. तिचं बरोबर होतं. तेव्हापासून मी शिफ्ट, गाव, वय, किती वर्षं नोकरी, यातलं काहीही वाक्याला चिकटवत नाही. पाचापेक्षा कमी माणसांच्या गटाचे आकडेही वेगळे दाखवत नाही.

आणखी एक तयारी, जी बहुतेक मार्गदर्शक सांगत नाहीत. माणसं बोलायला लागली की कधी कधी प्रश्नाबाहेरचं, फार जड असं काही, अगदी छळाचंही, सांगून जातात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. मुलाखती सुरू करण्याआधी आपल्या समितीत कोण आहे ते माहीत करून घ्या. असं काही ऐकलंत तर पेन खाली ठेवा, ते रिसर्चच्या वहीत लिहू नका, चौकशी करायला जाऊ नका. समितीपर्यंत कसं पोहोचायचं ते सांगा, आणि सांगणारी म्हणाली तर सोबत जा.

किती जणांशी बोलायचं

'पाच माणसं पुरतात' हे वाक्य आमच्या धंद्यात सुभाषितासारखं फिरतं. ते वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचं, आणि ते एखाद्या स्क्रीनच्या वापरातल्या चुका शोधण्यापुरतं आहे. टीमला ते लागू पडत नाही, कारण टीममध्ये प्रत्येकाचं काम वेगळं असतं. टीम दहा-बारा जणांची असेल तर सगळ्यांशीच बोला. दोघांना वगळलंत तर 'आपल्याला का नाही विचारलं' हीच बातमी होते. टीम मोठी असेल तर आठ-दहा जण निवडा, पण ते सगळे एका रांगेतले नकोत. रात्रपाळीतला एक हवा, तीन महिन्यांपूर्वी आलेला एक हवा, आणि जुन्या टीममधून नुकताच दुसरीकडे गेलेला एक तर हवाच. नव्याला अजून सगळं विचित्र दिसत असतं, आणि गेलेल्याला बोलायला भीती नसते.

मॅनेजरने सुचवलेली यादी घ्या, आभार माना, आणि तिच्यात निम्मी नावं आपली घाला.

आपल्या हाताखालच्या लोकांच्या मुलाखती मात्र स्वतः घेऊ नका. दुसऱ्या टीमच्या लीडशी अदलाबदल करा. तो तुमच्या टीमशी बोलेल, तुम्ही त्याच्या.

मुलाखतीच्या आधी शेजारी बसा

नवे लोक थेट मुलाखतीला जातात. माझं मत, आधी दोन दिवस नुसतं शेजारी बसावं. या पद्धतीला ह्यू बायर आणि कॅरेन होल्टझब्लॅट यांनी १९९० च्या दशकात नीट आकार दिला. त्यांचं म्हणणं सोपं होतं: समोरचा उस्ताद, तुम्ही शिकाऊ. गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली नवा पोरगा राहतो ना, तसं. पोरगा मिस्त्रीला "तुमच्या कामातली आव्हानं कोणती" असं विचारत नाही. "हा नट उलटा का फिरवला?" असं विचारतो.

मी सपोर्टमधल्या एकीच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मंगळवार, सकाळी दहा ते बारा. तिच्या डाव्या हाताशी दोनशे पानी वही होती, शाळकरी, पुठ्ठ्यावर गणपतीचा स्टिकर. फोन वाजला, इचलकरंजीचा ग्राहक. "मॅडम, काल रात्री दोघांनी एकदमच एंट्री मारली आणि स्टॉक मायनसमध्ये गेला." तिने वहीत ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. शेजारी फोन नंबर, आणि कडेला 'चिडलाय' असा शब्द. मग स्क्रीनवर तिकिटाचा फॉर्म उघडला. त्यातल्या अकरा रकान्यांवर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. सर्व्हरची आवृत्ती, मॉड्यूलचा (सॉफ्टवेअरच्या त्या भागाचा) कोड, असं बरंच काही. ग्राहक फोनवर ताटकळलेला. तिने विषयात 'स्टॉक इश्यू' लिहिलं आणि जिथे माहिती नव्हती तिथे एकेक टिंब देत खाली गेली.

"हे टिंब कशाला?"

"काहीतरी टाकल्याशिवाय पुढे जातच नाही ना."

दुपारी मी डेव्हलपरच्या शेजारी बसले. ते तिकीट त्याच्याकडे आलं. त्याने वाचलं, 'स्टॉक इश्यू', टिंब, टिंब, टिंब. परत पाठवायला त्याला अर्धा मिनिटही लागला नाही. "बघा, हेच सांगतो ना मी. भरतच नाहीत." तिला विचारून मी वहीतलं वाक्य टिपून आणलं होतं, ते त्याला वाचून दाखवलं. तो खुर्चीत सरळ झाला. "दोघांनी एकदम? मग ते लॉकिंगचं आहे, एकाच वेळी दोघांना लिहू न देण्याचं. हे लिहायला काय झालं होतं?"

लिहिलं होतं. पण वहीत.

पन्नास मुलाखती घेतल्या असत्या तरी हे मला कुणी सांगितलं नसतं. तिला टिंब देणं इतकं सवयीचं झालं होतं की ते सांगण्यासारखं काही आहे असंच तिला वाटत नव्हतं. आणि वही? ती तर तिच्या मते 'माझी आपली कच्ची नोंद'.

असंच काहीसं ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाला १९८० च्या दशकात दिसलं होतं. झेरॉक्स कंपनीची (आपण जिच्या नावालाच फोटोकॉपी म्हणतो ती) यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर तो फिरला. कंपनीने त्यांना जाडजूड पुस्तिका दिल्या होत्या, पण पुस्तिकेत न बसणारा बिघाड आला की ते एकमेकांना जुने किस्से सांगून वाट काढत. नाश्त्याच्या टेबलावर ज्या गप्पा चालत, त्यातूनच दुरुस्तीचं खरं ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जाई. वरून बघणाऱ्याला तो टाइमपास वाटला असता.

शेजारी बसल्यावर नजर कुठे ठेवायची? मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर. 'फायनल_खरी_नवी' अशा नावाच्या एक्सेलवर. अधिकृत चॅट सोडून चाललेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, त्यातलं वाचायचं नाही, तो कधी उघडला जातो एवढंच बघायचं. माणसाने स्वतःसाठी एखादं साधन बनवलं असेल तर अधिकृत साधनाला तिथे नक्की भोक आहे. त्या वहीला 'जुगाड' म्हणून हसू नका, आणि 'हे नियमात बसत नाही' असं तर चुकूनही म्हणू नका. म्हणालात की वही ड्रॉवरमध्ये जाते.

तुम्ही बसलात म्हणून माणसं जरा नीटनेटकं वागतात, हे खरं. पहिला तासभर सोडून द्या. दुसऱ्या तासाला फोन वाजायला लागले की तुमच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नसतो.

मुलाखत

चाळीस मिनिटं ठेवा. मॅनेजरच्या समोरची काचेची केबिन नको. टपरीही नको, तिथे निम्मं ऑफिस असतं. आम्ही दुपारी चारला कॅन्टीनच्या मागच्या कोपऱ्यात बसायचो, तेव्हा तिथे फक्त भांडी घासल्याचा आवाज असायचा.

प्रश्नांचं एकच सूत्र धरा: मत विचारू नका, मागची एखादी घटना विचारा. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना हीच वाट धरली आणि १९५४ मध्ये ती पद्धत म्हणून मांडली. चांगला वैमानिक कसा असतो, या प्रश्नाला सगळे गुणांची यादी देतात. अमुक दिवशी नेमकं काय घडलं आणि वैमानिकाने काय केलं, असं विचारलं की कामाची गोष्ट निघते.

तर "डेव्हलपमेंट टीमबद्दल तुम्हाला काय वाटतं?" हा प्रश्न नको. त्याऐवजी: "शेवटचं तिकीट परत आलं ते कधी? उघडून दाखवता?" मग, "ते आल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय केलंत?" मग, "तोवर ग्राहकाला काय सांगितलंत?" आणि, "या आठवड्यात एखादं तिकीट एका फटक्यात सुटलं का? त्यात काय वेगळं होतं?" हा शेवटचा प्रश्न विसरू नका. बिघाडाबद्दल सगळे विचारतात. नीट चाललेलं कसं चाललं, हे क्वचितच कुणी विचारतं, आणि खरं तर उपाय बहुतेक वेळा तिथेच असतो.

कुणी "नेहमी असंच होतं" म्हटलं की विचारा, "शेवटचं कधी झालं?" कुणी "कम्युनिकेशन गॅप आहे" म्हटलं तर समजा की अजून काहीच सांगितलेलं नाही. तो शब्द म्हणजे दारावर लावलेला पडदा. "मला एक उदाहरण द्या" म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड. पहिल्या वर्षी मी मनात दहापर्यंत आकडे मोजायचे.

मराठीत मुलाखत घेणाऱ्याने काही शब्दांवर कान ठेवावा. "बघतो" म्हणजे बहुधा होणार नाही, पण नाही म्हणायची सोय नाही. "ॲडजस्ट करतो" म्हणजे रोज थोडा त्रास सोसतो आहे आणि त्याची मोजदाद कुठेच नाही. "करून टाकलं" म्हणजे नियम बाजूला ठेवून केलं. "तसं काही नाही" यातला 'तसं' फार महत्त्वाचा. तिथे मी हळूच विचारते, "मग कसं आहे?" ज्या भाषेत माणूस कपाळाला हात लावतो त्या भाषेत त्याला बोलू द्या. इंग्रजीत सुरू केलंत तर अप्रेझलची भाषा बाहेर येते. वहीतही त्यांचेच शब्द लिहा. 'चिडलाय'चं 'ग्राहक असमाधानी' करू नका.

आणि प्रश्नांची यादी सोडायची तयारी ठेवा. हे शहाणपण शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात फार पूर्वी आलं होतं. तिथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी टेलिफोनचं सामान बनवायची. दिव्यांच्या उजेडाने काम वाढतं का, असे प्रयोग १९२४ पासून तिथे झाले, आणि ते अजून पाठ्यपुस्तकांत असतात. उजेड कमी केला तरी काम वाढलं, ही गोष्ट जरा जपूनच सांगावी. जुने आकडे नंतर पुन्हा तपासले गेले तेव्हा तो परिणाम सांगतात तितका ठळक निघाला नाही. मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. १९२८ ते १९३० मध्ये त्याच कारखान्यात वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न होते: देखरेख कशी आहे, कामाची जागा कशी आहे. कामगार मात्र उत्तर देता देता आपल्या मनातल्या विषयाकडे वळायचे. शेवटी मुलाखत घेणाऱ्यांनी यादी बाजूला ठेवली आणि कामगार जे बोलेल त्यामागे जायचं ठरवलं.

डायरी आणि फॉर्म

काही गोष्टी तुम्ही बसलेले असताना घडतच नाहीत, महिनाअखेरचा गोंधळ किंवा रात्री अकराचा फोन. तिथे डायरी लावा. पाच-सहा जणांना सांगा, दोन आठवडे, काम अडलं की तेवढ्यात एक ओळ किंवा आवाजातला छोटा संदेश मला पाठवा. दिवसअखेर भरायला सांगितलंत तर कुणी भरत नाही, शुक्रवारी बसून पाच दिवसांचं रचतात.

फॉर्म अगदी शेवटी, आणि तोही 'हे किती जणांच्या बाबतीत होतं' एवढं मोजायला. चौदा जणांच्या टीमला तर फॉर्म पाठवूच नये, उठून विचारावं.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम तपासल्या. औषध देताना होणाऱ्या चुका कुठे जास्त होतात, असा प्रश्न होता. चांगल्या चालणाऱ्या टीममध्ये चुका कमी असतील असा अंदाज होता, निघाल्या जास्त. कारण शोधल्यावर दिसलं की त्या टीममध्ये चूक झाली की लोक न घाबरता सांगत होते, इतर ठिकाणी झाकत होते. म्हणून 'अमुक टीमची तिकिटं सगळ्यात जास्त परत येतात' एवढ्यावर कुणावर बोट ठेवू नका. कदाचित बाकीच्या टीम ती परत पाठवण्याऐवजी तशीच दाबून ठेवत असतील.

चिठ्ठ्या लावणं

आता तुमच्याकडे भरलेली वही आहे. प्रत्येक निरीक्षणाची एक चिठ्ठी करा, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. आमच्याकडे एकशे ऐंशीच्या आसपास झाल्या. मग त्या भिंतीवर लावून, ज्या एकमेकींजवळ जाव्याशा वाटतात त्या जवळ सरकवा. आधी रकाने आखून त्यात चिठ्ठ्या टाकू नका. 'संवाद', 'साधनं', 'प्रशिक्षण' असे डबे आधी केलेत तर शेवटी तेच तीन डबे हाती येतात. ही पद्धत जपानचे जिरो कावाकिता यांची. नेपाळमध्ये क्षेत्रकार्य करणारा हा माणूस, नोंदींच्या ढिगातून वाट काढायला त्याने ती रचली. जपानीत आडनाव आधी, म्हणून तिला केजे पद्धत म्हणतात.

गटाला नाव देताना एका शब्दाचं देऊ नका, पूर्ण वाक्य लिहा. 'फॉर्मची समस्या' असं नको. 'ग्राहक फोनवर असताना त्याला माहीत नसलेली गोष्ट फॉर्म विचारतो, म्हणून टिंब पडतात' असं हवं. ज्या वाक्यात 'म्हणून' येत नाही त्याच्यावर मी अजून काम बाकी आहे असं समजते.

हे एकट्याने करू नका. दोन्ही टीममधला एकेक माणूस भिंतीपाशी उभा करा. पण चिठ्ठ्यांवरून कोण बोललं ते कळणार नाही याची खात्री आधी करून घ्या. हस्ताक्षर सगळं तुमचंच हवं.

परत सांगणं

इथे बहुतेकांचा क्रम चुकतो. रिपोर्ट आधी वर जातो, मग कधीतरी गाळून खाली येतो. उलट करा. ज्यांनी सांगितलं त्यांना पहिल्यांदा दाखवा आणि विचारा, "यात काय चुकलंय?" आमच्या सपोर्ट टीमने दोन गोष्टी दुरुस्त केल्या. त्यातली एक अशी: मी लिहिलं होतं की दुपारच्या शिफ्टमध्ये जास्त टिंबं पडतात, कारण फोन जास्त. त्यांनी सांगितलं, फोन सारखेच असतात, पण दुपारी मॉड्यूलचे कोड पाठ असलेला एकुलता जुना माणूस घरी गेलेला असतो. ही चूक घेऊन मी मॅडमकडे गेले असते तर त्यांनी दुपारी एक माणूस हलवला असता आणि तिकिटं तशीच परत आली असती.

मग दोन्ही टीम एका खोलीत. पंचवीस स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं नाही. इचलकरंजीच्या त्या एकाच तिकिटाचा प्रवास भिंतीभर लांब कागदावर काढला होता, फोन वाजल्यापासून सुटेपर्यंत, प्रत्येक टप्प्यावर कोण थांबलं आणि कशासाठी. माणसांची नावं कुठेच नाहीत. डेव्हलपर कागदापाशी उभा राहून टिंबांकडे बघत म्हणाला, "यातले सात रकाने मी कधी वाचतच नाही. कुणी घातले हे?" कुणालाच आठवेना. सहा वर्षांपूर्वी एका ऑडिटसाठी घातले होते, असं शेवटी जुन्या मेलमध्ये सापडलं.

छोटा बदल, आणि पुन्हा शेजारी बसणं

भिंतीवर वीस समस्या दिसल्या की वीस उपाय सुचतात. एक किंवा दोनच घ्या, आणि असे की पंधरा दिवसांत करून बघता येतील. आम्ही चांदणीवाले रकाने अकराचे चार केले आणि सगळ्यात वर एक मोठा चौकोन दिला: 'ग्राहक काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत'. मराठीत लिहिलं तरी चालेल असं खाली बारीक अक्षरात. मॉड्यूलचे कोड यादीतून निवडायची सोय त्याच जुन्या माणसाला सोबत घेऊन केली.

बदलाच्या आधीच्या आठवड्यात परत आलेली तिकिटं मोजून ठेवा, नाहीतर नंतर 'बरं वाटतंय' याशिवाय सांगायला काही राहत नाही. आणि सहा आठवड्यांनी पुन्हा खुर्ची ओढून त्याच टेबलापाशी बसा. फॉर्मात फरक पडला की नाही ते आकड्यांवरून दिसेल, पण लोकांनी नवा फॉर्म कसा वाकवला आहे ते बसल्याशिवाय दिसत नाही.

मी बसले तेव्हा गणपतीच्या स्टिकरवाली वही तिथेच होती. ग्राहकाची वाक्यं तिने आता फॉर्ममध्ये लिहायला सुरुवात केली होती. वहीत वेगळंच काहीतरी चाललं होतं: तारीख, तिकिटाचा नंबर, आणि पुढे एकेका डेव्हलपरच्या नावाचं आद्याक्षर. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "कुणाकडे गेलं की लवकर सुटतं, ते बघतेय." मी माझी वही उघडली आणि नवं पान काढलं.